बीटी वांगे आणि लोकांच्या शंका

अन्नाच्या बाबतीत माणूस जितका चिकित्सक असतो, तितका तो फारच थोड्या गोष्टींच्या बाबतीत असतो. नवे कापड किंवा नवे यंत्र तो लवकर आपलेसे करतो. परंतु रोजच्या ताटातील पदार्थ आतून बदलला गेला आहे असे कळले, की तो थांबतो आणि विचारपूस करतो. हा बदल कोणी केला, कशासाठी केला, तो तपासला कोणी आणि नको असेल तर तो नाकारण्याची सोय आहे काय, असे प्रश्न त्याच्या मनात येतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस जननिक अभियांत्रिकीने तयार केलेली पिके शेतात येऊ लागली, तेव्हा जगातील अनेक देशांत हेच प्रश्न विचारले गेले. भारतात ते सर्वांत ठळकपणे पुढे आले ते एका साध्या भाजीच्या निमित्ताने. ती भाजी म्हणजे वांगे.

ऑक्टोबर २००९ ते फेब्रुवारी २०१० या चार महिन्यांत या भाजीसंबंधी देशभर मोठी चर्चा झाली. शास्त्रज्ञ, शेतकरी, बियाणे विक्रेते, डॉक्टर, वैद्य आणि ग्राहक तीत सहभागी झाले. त्या वेळी मांडल्या गेलेल्या शंका एकाच जातीच्या नव्हत्या. काहींचे उत्तर प्रयोगशाळेत मिळू शकते, काहींचे शेतात, तर काहींचे कायद्यात. काही शंका मात्र अशा होत्या, की ज्यांचे उत्तर समाजाने आपल्या मूल्यांना स्मरूनच द्यावयाचे असते. या शंका एकमेकींपासून वेगळ्या करून पाहिल्या, तर वादातील बराचसा गोंधळ दूर होतो आणि लोकांचे म्हणणे ऐकून घेणे का आवश्यक असते, हेही स्पष्ट होते.

पीक आणि त्याचा शत्रू

वांगे हे भारतातील सर्वसामान्य माणसाचे अन्न आहे. ते जवळजवळ बारा महिने मिळते, बहुतेक सर्व प्रांतांत पिकते आणि गरिबाला परवडते. २०१० च्या सुमारास देशात सुमारे साडेपाच लाख हेक्टर क्षेत्रावर त्याची लागवड होत होती. त्यात पश्चिम बंगालचा वाटा सुमारे ३० टक्के आणि ओरिसाचा सुमारे २० टक्के होता. हे पीक घेणारे बहुसंख्य शेतकरी अल्पभूधारक असतात. चार-दोन गुंठ्यांतील वांग्यांच्या विक्रीतून त्यांच्या घरात नियमितपणे रोख पैसा येतो.

या पिकाचा मुख्य शत्रू म्हणजे शेंडे व फळे पोखरणारी अळी. तिचा पतंग पानांवर व कोवळ्या शेंड्यांवर अंडी घालतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी प्रथम शेंड्यात शिरते. शेंडा सुकून खाली लोंबतो. पुढे झाडाला फळे धरली, की ती फळात प्रवेश करते आणि आत शिरताना केलेले छिद्र आपल्या विष्ठेने बुजवून टाकते. एकदा आत गेलेल्या अळीपर्यंत फवारलेले औषध पोहोचू शकत नाही. त्यामुळे अळी आत शिरण्यापूर्वीच तिला गाठण्याच्या धडपडीत शेतकरी पुन्हा पुन्हा फवारणी करतो. कित्येकदा काढणीच्या आदल्या दिवशीही फवारणी होते आणि तेच वांगे दुसऱ्या दिवशी बाजारात जाते. इतके करूनही काही हंगामांत निम्म्याहून अधिक फळे किडकी निघतात.

ही वस्तुस्थिती आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे. बीटी वांग्याविषयी शंका घेणाऱ्यांपुढे बिनविषारी भाजी हा सरसकट उपलब्ध असलेला पर्याय नव्हता. प्रचलित पद्धतीतही विष होते. फक्त ते फळाच्या बाहेरून येत होते.

जिवाणूचे जनुक वनस्पतीत

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जमिनीत आढळणारा एक जिवाणू आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या किड्यांना होणाऱ्या एका रोगाचा शोध घेताना तो प्रथम सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंजिया या प्रदेशाच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीटी’ हा शब्द रूढ झाला आहे. हा जिवाणू एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या आतड्यातील आम्लारिधर्मी, म्हणजेच अल्कली, रसात ते विरघळते, तेथील विकरांमुळे क्रियाशील होते आणि आतड्याच्या आवरणातील विशिष्ट ग्राहींना चिकटून त्या आवरणाला भोके पाडते. अळीचे खाणे थांबते व ती मरते. मनुष्याच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि त्याच्या आतड्यात या प्रथिनाचे ग्राही नसतात. म्हणून या जिवाणूची भुकटी १९३८ पासून कीडनाशक म्हणून विकली जाऊ लागली आणि सेंद्रिय शेती करणाऱ्यांनीही ती वापरली.

जननिक अभियांत्रिकीने यापुढचे पाऊल टाकले. ते प्रथिन तयार करण्याची सूचना ज्या जनुकात साठविलेली असते, ते जनुकच वनस्पतीच्या पेशीत बसविण्यात आले. असे केल्यास झाडाची प्रत्येक पेशी ते प्रथिन स्वतः तयार करते आणि फळ पोखरू पाहणारी अळी पहिल्या घासालाच त्याला बळी पडते. महाराष्ट्रातील जालना येथील महिको या बियाणे कंपनीने २००० मध्ये वांग्यावर हे काम सुरू केले. या कंपनीत मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीची भागीदारी होती. पुढे कोइमतूर आणि धारवाड येथील कृषी विद्यापीठांनी हेच जनुक आपल्या भागांतील स्थानिक वाणांमध्ये संकराने उतरविले. धारवाडच्या वाणांत मांजरी गोटा हा पुण्याजवळच्या मांजरी गावाचे नाव धारण करणारा वाण होता, तसाच उडुपीचा गुळ्ळा वाणही होता.

मंजुरीचा मार्ग

भारतात जननिक अभियांत्रिकीवर नियंत्रण ठेवणारे नियम १९८९ मध्ये, पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याखाली करण्यात आले. त्यांनुसार प्रत्येक संशोधन संस्थेत एक जैव सुरक्षितता समिती असते, तिच्या वर जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरावलोकन समिती आणि सर्वांच्या वर पर्यावरण मंत्रालयाची जननिक अभियांत्रिकी मान्यता समिती. बीटी वांगे या पायऱ्या चढत गेले. प्रथम प्रयोगशाळा, मग काचगृह, मग मर्यादित क्षेत्रावरील चाचण्या आणि शेवटी मोठ्या क्षेत्रावरील चाचण्या पार पडल्या. १४ ऑक्टोबर २००९ रोजी मान्यता समितीने त्याच्या लागवडीस अनुकूल निर्णय दिला. माणसाने थेट खावयाच्या जनुकबदलित पिकाला भारतात अशी संमती प्रथमच मिळत होती.

परंतु या मार्गावरून चालताना एक उणीव राहून गेली होती. चाचण्यांची मूळ माहिती बराच काळ लोकांपुढे आलीच नव्हती. २००६ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली ती मागण्यात आली, तेव्हा व्यापारी गुपित म्हणून ती नाकारली गेली. प्रकरण माहिती आयोगाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २००८ मध्ये विषाक्ततेच्या व अधिहर्षतेच्या, म्हणजेच अ‍ॅलर्जीच्या, चाचण्यांची माहिती प्रसिद्ध झाली. माहिती प्रतिकूल होती असा याचा अर्थ नव्हे. तथापि जी गोष्ट आपण होऊन सांगितली असता विश्वास वाढला असता, तीच न्यायालयाच्या दडपणाखाली सांगावी लागल्यामुळे संशय वाढला. पुढील सर्व चर्चेवर या संशयाची छाया राहिली.

सात शहरांतील सभा

तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी समितीचा निर्णय तात्काळ अमलात न आणता लोकांची मते मागविण्याचे ठरविले. १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगलोर या सात शहरांत जाहीर सभा झाल्या. अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने त्यांचे संयोजन केले. सुमारे ८,००० लोक या सभांना उपस्थित राहिले. मंत्री स्वतः समोर बसून ऐकत होते. सभागृहात घोषणा, फलक आणि वादावादी यांचीही कमतरता नव्हती.

या सभांत सर्व शेतकरी एका बाजूला आणि सर्व शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला, असे चित्र नव्हते. फवारणीच्या खर्चाने आणि त्रासाने गांजलेले काही शेतकरी नवे बियाणे लवकर द्या असे म्हणत होते. सेंद्रिय शेती करणाऱ्यांचा त्याला कडाडून विरोध होता. शास्त्रज्ञांतही दोन तट होते. पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्प भार्गव यांना सर्वोच्च न्यायालयाने मान्यता समितीवर निरीक्षक म्हणून नेमले होते. चाचण्या अपुऱ्या आहेत असे त्यांचे मत होते. अनेक कृषिशास्त्रज्ञ मात्र चाचण्या आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार झाल्या असल्याचे सांगत होते. ‘लोकांचे मत’ असा एकवचनी शब्द वापरला, तरी ते मत अनेकवचनीच असते, याचे प्रत्यंतर या सभांनी दिले.

आरोग्याविषयीच्या शंका

सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न साहजिकच आरोग्याचा होता. त्यात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले होते.

पहिला प्रश्न विषाक्ततेचा. नवे प्रथिन माणसाला अपायकारक आहे काय? याचे उत्तर बीटी प्रथिनाच्या कार्यपद्धतीवरून बऱ्याच प्रमाणात नकारार्थी मिळते आणि उंदरांवरील ९० दिवसांच्या आहार चाचण्याही त्याच दिशेने बोट दाखवीत होत्या. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की जी भाजी माणूस जन्मभर खाणार तिच्यासाठी ९० दिवस पुरेसे नाहीत.

दुसरा प्रश्न अधिहर्षतेचा. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हता. ब्राझील नट या कठीण कवचाच्या फळातील एक प्रथिन अमेरिकेत सोयाबीनमध्ये आणण्यात आले होते. त्या फळाची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तींचे रक्तद्रव या सोयाबीनलाही प्रतिक्रिया देते, असे चाचणीत आढळले. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. या उदाहरणाचा आधार दोन्ही बाजू घेतात. धोका खरा असू शकतो हे त्यातून दिसते. आणि योग्य चाचणीने तो वेळीच ओळखता येतो, हेही दिसते.

तिसरा प्रश्न चाचणी करणाऱ्याविषयीचा. बीटी वांग्याच्या बहुतेक चाचण्या ज्या कंपनीला ते विकावयाचे होते तिनेच केल्या किंवा आपल्या खर्चाने करवून घेतल्या होत्या. हा आक्षेप आरोग्याविषयीचा वाटला, तरी वस्तुतः तो न्यायाचा आहे. चाचणी कितीही काटेकोर असली, तरी वादी आणि पंच एकच असू नयेत, हे तत्त्व गावच्या पंचायतीलाही ठाऊक असते. पुढे सरकारने आपल्या निर्णयात याच मुद्द्याला विशेष महत्त्व दिले.

मूळ घर आणि रानटी भाऊबंद

दुसऱ्या प्रकारच्या शंका पर्यावरणाशी संबंधित होत्या. वांग्याच्या वाणांची विविधता भारतात फार मोठी आहे आणि या पिकाच्या मूळ प्रदेशांत भारताची गणना होते. लांबट, गोल, काटेरी, बिनकाटेरी, जांभळी, हिरवी, पांढरी अशी असंख्य वांगी प्रांतोप्रांती लावली जातात आणि प्रत्येकाचा ठरलेला पदार्थ असतो. भरताचे वांगे भरल्या वांग्यासाठी चालत नाही. उडुपीजवळच्या मट्टू गावचा गुळ्ळा हा याचा उत्तम नमुना आहे. सोळाव्या शतकातील संत वादिराज स्वामींनी त्याचे बी गावकऱ्यांना दिले अशी श्रद्धा आहे आणि तो उडुपीच्या श्रीकृष्ण मंदिरात अर्पण केला जातो. २०११ मध्ये त्याला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. अशा वाणात परके जनुक मिसळले तर काय, हा तेथील उत्पादकांचा प्रश्न होता.

वांग्याचे फूल बव्हंशी स्वपरागित असते. परंतु मधमाश्या व भुंगे काही प्रमाणात एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. म्हणजे जनुकाचा प्रसार मंद असेल. तो होणारच नाही असे म्हणता येत नाही. भारतीय वैद्यकाच्या अभ्यासकांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला. दशमुळांतील बृहती आणि कंटकारी, म्हणजे डोरली आणि भुईरिंगणी, या वांग्याच्याच कुळातील वनस्पती आहेत. त्यांपैकी कोणत्या वनस्पतींशी वांग्याचा संकर होऊ शकतो आणि त्यामुळे त्यांच्या गुणांत बदल होईल काय, याचा अभ्यास आधी व्हावा, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी शास्त्रविरोधी नव्हती. ती शास्त्राकडेच केलेली होती.

बियाणे कोणाचे?

तिसऱ्या प्रकारच्या शंका शेतकऱ्याच्या अर्थव्यवस्थेविषयी होत्या. कंपनीचे बियाणे संकरित असल्यामुळे ते दर हंगामाला नव्याने विकत घ्यावे लागणार होते. विद्यापीठांचे वाण सरळ वाण होते. त्यांचे बी शेतकरी राखून ठेवू शकला असता. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क अधिनियम, २००१ हा कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क देतो. मात्र कागदावरील हक्क आणि बाजारातील वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते, याचा अनुभव कापूस उत्पादकांनी नुकताच घेतला होता. आंध्र प्रदेशात बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या वर गेली होती. राज्य सरकारने मक्तेदारी नियंत्रण आयोगाकडे दाद मागितल्यानंतर २००६ मध्ये ती ७५० रुपयांवर आली.

याच संदर्भात आणखी एक प्रश्न कर्नाटकात उपस्थित झाला. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांनी जोपासलेले स्थानिक वाण या कामासाठी घेताना जैविक विविधता अधिनियम, २००२ याखाली आवश्यक ती संमती घेतली गेली होती काय? हे प्रकरण पुढे न्यायालयापर्यंत गेले. आरोग्याची चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली असती, तरी या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळाले नसते.

निवडीचा हक्क

चौथी शंका ग्राहकाची होती आणि ती फार साधी होती. बाजारात टोपलीतील दोन वांगी दिसावयास सारखीच असतील, तर त्यांतील बीटी कोणते हे ओळखावयाचे कसे? वेष्टनातील पदार्थावर चिठ्ठी लावता येते. १ जानेवारी २०१३ पासून भारतात जनुकबदलित अन्नाच्या वेष्टनावर तसा निर्देश करणे सक्तीचे करण्यात आले. परंतु भाजी वेष्टनातून येत नाही. ती मंडईत ढिगाने येते, अनेक शेतांचा माल एकत्र होतो आणि हातगाडीवरून घरोघर जातो. ज्या देशांत चिठ्ठीची पद्धत यशस्वी झाली, तेथील बाजाराची रचनाच निराळी आहे. म्हणून ‘ज्याला नको त्याने घेऊ नये’ हे उत्तर भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने पोकळ ठरत होते.

अमेरिकेतही मालाची सरमिसळ टाळणे सोपे गेले नव्हते. केवळ पशुखाद्यासाठी व औद्योगिक वापरासाठी संमत झालेला स्टारलिंक नावाचा मका २००० मध्ये माणसांच्या खाद्यपदार्थांत आढळला आणि बाजारातून मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला.

कापसाचा धडा

नागपूरची सभा विदर्भात होती आणि तेथे कापसाचा विषय निघणे अपरिहार्य होते. बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी संमती मिळाली. त्याही आधी, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर उभा असल्याचे उघडकीस आले होते. पहिल्या दशकात देशाचे कापूस उत्पादन वाढले, बोंडअळीवरील फवारणी कमी झाली आणि हे बियाणे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर पसरले. समर्थकांचा सर्वांत प्रबळ पुरावा हाच होता.

परंतु निसर्गात कोणताही उपाय कायमचा नसतो. सतत एकाच विषाला सामोरे गेलेल्या किडीत त्याला दाद न देणारे कीटक टिकून राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. ही प्रक्रिया लांबविण्यासाठी बीटी पिकाभोवती बिगर-बीटी ओळी लावण्याची अट होती. लहान शेतकऱ्याला त्या ओळी म्हणजे वाया जाणारी जमीन वाटली आणि ती अट बहुतेक ठिकाणी पाळली गेली नाही. २०१० मध्येच गुजरातेतील गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देणे सोडल्याचे जाहीर झाले. पुढील काही वर्षांत दोन प्रथिनांचे बियाणेही तिच्यापुढे निष्प्रभ ठरू लागले. चार गुंठ्यांत वांगी लावणाऱ्या शेतकऱ्याकडून ही अट पाळली जाईल काय, हा प्रश्न म्हणूनच अगदी व्यवहाराचा होता.

स्थगिती आणि तिची किंमत

९ फेब्रुवारी २०१० रोजी सरकारने बीटी वांग्याच्या लागवडीस स्थगिती दिली. शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही, अनेक राज्य सरकारांचा विरोध आहे, स्वतंत्र चाचण्या झालेल्या नाहीत आणि हे बियाणे घाईने आणण्याची निकड नाही, अशी कारणे देण्यात आली. स्वतंत्र अभ्यासातून जनतेचे आणि तज्ज्ञांचे समाधान होईपर्यंत ही स्थगिती राहावयाची होती. शेती हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे पश्चिम बंगाल, ओरिसा व बिहार या प्रमुख उत्पादक राज्यांच्या हरकतींना विशेष वजन होते. त्याच वर्षी मान्यता समितीचे नाव बदलून ‘मूल्यमापन समिती’ असे करण्यात आले. हा केवळ एका शब्दाचा बदल होता. तथापि तज्ज्ञांचे काम गुणदोष सांगण्याचे आणि अंतिम उत्तरदायित्व शासनाचे, हा अर्थ त्यातून व्यक्त झाला.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. स्थगिती ही फुकट मिळणारी वस्तू नाही. ती असताना शेतकऱ्याची फवारणी सुरूच राहिली आणि विषाचा अंश भाजीवरून घरोघर जातच राहिला. कामगंध सापळे लावणे, सुकलेले शेंडे खुडून जाळणे, रासायनिक औषधांविना कीड आटोक्यात ठेवणे असे उपाय आहेत. आंध्र प्रदेशातील अनेक शेतकऱ्यांनी त्यांचा उपयोग करून दाखविला होता. परंतु त्यांना मार्गदर्शन, मनुष्यबळ आणि चिकाटी लागते. ज्या स्वतंत्र अभ्यासांसाठी स्थगिती दिली होती, ते पुढे त्या तातडीने झाले नाहीत. निर्णय थांबविणे सोपे असते. थांबलेल्या काळाचा उपयोग करणे कठीण असते.

शेजारच्या बांगलादेशाने निराळी वाट धरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या देशाने याच जनुकाच्या चार बीटी वाणांना संमती दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना रोपे वाटली. हे सरळ वाण सरकारी संशोधन संस्थेचे असल्यामुळे बियाण्याच्या मालकीचा प्रश्न तेथे तितका तीव्र झाला नाही. काही वर्षांत ही लागवड हजारो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी करावी लागणारी फवारणी कमी झाल्याचे तेथील पाहणीत आढळले. मात्र पांढरी माशी, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी औषधे लागतच राहिली.

त्यानंतरची वर्षे

भारतात हा वाद मिटला नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने जनुकबदलित अन्नपिकांच्या बाबतीत अतिशय सावध भूमिका घेणारा अहवाल सादर केला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीतील बहुसंख्य सदस्यांनी २०१३ मध्ये असे सुचविले, की ज्या पिकांचे मूळ स्थान किंवा विविधतेचे केंद्र भारतात आहे, त्यांत असा जनुकबदल करू नये; एका सदस्याचा याला विरोध होता. जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापन करण्याची सूचना डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील कृती गटाने २००४ मध्येच केली होती. त्यासंबंधीचे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु त्यावरही आक्षेप आले आणि ते व्यपगत झाले.

दरम्यान, नियमाबाहेरची लागवडही होत राहिली. २०१९ मध्ये हरियाणात विनापरवाना बीटी वांगी आढळली आणि ती उपटून टाकण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक-सहनशील कापसाचे बिगरपरवाना बियाणे उघडपणे पेरले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, अशी त्यांची मागणी होती. निवडीचा हक्क मागणारा ग्राहक आणि निवडीचाच हक्क मागणारा शेतकरी परस्परविरुद्ध दिशांना उभे राहू शकतात, हे या घटनेने दाखवून दिले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या संकरित मोहरीच्या पर्यावरणातील मुक्ततेला संमती मिळाली. तिला आव्हान देण्यात आले आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी भिन्न निकाल दिले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी संमती रद्द ठरविली, तर न्या. संजय करोल यांनी ती अटींसह उचलून धरली. मतभेदाचा प्रश्न मोठ्या न्यायपीठाकडे सोपविण्याचे ठरले. एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत होते : केंद्र सरकारने राज्ये, तज्ज्ञ, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आणि इतर संबंधितांशी विचारविनिमय करून जनुकबदलित पिकांविषयी राष्ट्रीय धोरण ठरवावे.

शंका आणि त्यांचे उत्तरदायित्व

वांग्याच्या या प्रकरणातून निघणारा मुख्य बोध असा, की लोकांच्या शंकांना ‘अज्ञान’ असे एकच नाव देऊन त्या दूर होत नाहीत. विषाक्ततेच्या शंकेला उत्तर देण्याचे काम स्वतंत्र प्रयोगशाळेचे आहे. जनुकाच्या प्रसाराविषयी उत्तर द्यावयाचे ते वनस्पतिशास्त्रज्ञांनी, दीर्घ निरीक्षणाच्या आधारे. बियाण्याच्या मालकीविषयी विधिमंडळाने आणि न्यायालयाने बोलावयास हवे, तर चिठ्ठीविषयी बाजाराची व्यवस्था पाहणाऱ्या शासनाने. प्रयोगशाळेतील अहवाल दाखवून मालकीच्या शंकेचे निरसन होत नाही. त्याचप्रमाणे मालकीविषयीचा राग मनात ठेवून प्रयोगशाळेतील निष्कर्ष खोटा ठरविता येत नाही.

हे उत्तरदायित्व ज्याचे त्याने पार पाडले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच. किती धोका पत्करावयाचा आणि कोणत्या लाभासाठी? फवारणी करणाऱ्या शेतमजुराच्या दृष्टीने या तराजूची पारडी एका बाजूला झुकतील, वंशपरंपरेने गुळ्ळा जोपासणाऱ्या उत्पादकाच्या दृष्टीने दुसऱ्या बाजूला. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात. अशा प्रश्नाचा निर्णय केवळ तज्ज्ञांच्या समितीने बंद दाराआड घेतला, तर तो बरोबर असूनही लोकांना परका वाटतो. २०१० च्या सभांत गोंगाट होता आणि त्यांची मांडणी सदोष असेल. परंतु ज्यांना ते वांगे पिकवावयाचे आणि खावयाचे होते, त्यांना निर्णयापूर्वी विचारले गेले. पुढील काळात मोहरी येवो, तांदूळ येवो किंवा जनुकांचे संपादन करून तयार केलेले आणखी एखादे पीक येवो, हे विचारणे आधी व्हावयास हवे आणि मिळालेल्या प्रत्येक शंकेचे उत्तर कोणी, किती मुदतीत द्यावयाचे, हेही त्याच वेळी ठरावयास हवे.